धुतल्यावर गोधडीच्या अस्तराला चुण्या पडतात: काय तपासायचं, आणि नवं अस्तर कमी खर्चात कसं जोडायचं

वरची बाजू महिनाभर खपून शिवायची, ठिगळाला ठिगळ जुळवायचं, आणि अस्तराला मात्र दुकानात जे स्वस्त मिळेल ते कापड. मग पहिल्याच धुण्यात गोधडी बिघडते. तक्रार नेहमी यांपैकीच एखादी असते:

- अस्तराच्या जोडाला लागून, वरपासून खालपर्यंत उभ्या चुण्या.
- सगळ्या पाठीवर बारीक सुरकुत्या आणि गोधडीच्या कडा वाटीसारख्या एका बाजूला वळलेल्या.
- मधोमध झोळ, कडेला मात्र ताण.
- जोड उसवतो. दोरा शाबूत असतो, कापड मात्र टीपेशेजारी फाटलेलं.
- अस्तराचा रंग वरच्या फिक्या ठिगळांवर.
- अस्तरातून आतल्या भराचे पांढरे तंतू बाहेर.

बहुतेक जण दोष धावदोऱ्याला देतात आणि आणखी टाके घालतात. त्यानं चुणी जाते कुठे? ती तिथेच पक्की होते. बहुतेक वेळा दोष टाक्यात नसतोच, तो कापड बेतण्याआधीचा असतो. अस्तराचं कापड स्वस्त असायला काहीच हरकत नाही. विजोड मात्र चालत नाही. एक पट्टा धुतलेला, दुसरा कोरा. एक उभा, दुसरा आडवा. एका बाजूला काठ, दुसऱ्या बाजूला नाही, अशी जोडणी झाली की चुण्या आल्याच.

आधी नुसतं बघा

गोधडी पूर्ण वाळू द्या. ओलसर असेल तर काहीच खरं कळत नाही. मग फरशीवर पालथी पसरा आणि हातानं न ओढता तशीच पडू द्या. कडा कुठल्या बाजूला वळतात ते बघा. कडा ज्या बाजूला वळतात ती बाजू आटलेली. कडा अस्तराकडे वळल्या असतील तर अस्तर आटलंय, आणि चुण्या वरच्या बाजूला जास्त दिसतील. अस्तर सैल, फुगलेलं दिसत असेल तर ते बिचारं आहे तेवढंच आहे. आटलाय तो वरचा किंवा मधला थर. इथेच फसगत होते. सैल दिसणारी बाजू बदलली जाते आणि आटलेली तशीच राहते.

आता एखादी चुणी जवळून, उजेडाकडे धरून बघा. चुणीच्या घडीवरून टाका गेलेला दिसतो का? म्हणजे घडी टाक्याखाली दाबली गेली आहे का? तसं असेल तर ती चुणी शिवतानाच पडली, अस्तर अंथरताना सैल राहिलं होतं. घडी कुठेच दाबलेली नाही, कापड फक्त दोन टाक्यांच्या मध्ये फुगलंय, असं असेल तर ती धुण्यानंतरची. पहिलीला उसवून पुन्हा टाके घालणं हा इलाज आहे. दुसरी उसवून काही मिळत नाही, कापडच कमीजास्त झालेलं असतं.

टेप घेऊन मोजा

चारही बाजू मोजा, मग दोन्ही कर्ण. समोरासमोरच्या बाजूंत एक इंचापर्यंत फरक हातशिवणीत चालतो. कर्णांत मात्र दोन इंचांहून जास्त फरक आला तर अस्तर तिरकं कापलं गेलंय, थोडं उरेबवर. उरेब कापड ओढलं की लांबतं, धुतलं की वेगळ्याच दिशेला बसतं, आणि अख्खी गोधडी पिळल्यासारखी दिसते. इस्त्रीनं हे सरळ होत नाही.

जोडाच्या बाजूला कानी, म्हणजे कापडाची मागावरच विणलेली कड, राहिली आहे का, तेही आताच बघा. कापडाची कानी विणकामात जास्त घट्ट असते, त्यामुळे ती उरलेल्या कापडाइतकी आणि त्याच दराने आटत नाही. कानी कानीला जोडून टीप मारली की काम पटकन होतं, कडा सुटत नाही, म्हणून सगळे तसंच करतात. जोडाला लागून उभ्या चुण्या दिसल्या तर दहातले नऊ वेळा कारण हेच. साडीच्या काठाचं तर याहून वाईट. जाड काठ अस्तराच्या मध्ये आला की तो दोरीसारखा ओढतो.

रंग: एक पांढरं फडकं पुरतं

पांढरं सुती फडकं ओलं करून अस्तरावर वीस-पंचवीस वेळा चोळा. फडक्यावर रंग आला तर हे अस्तर पुढच्या प्रत्येक धुण्यात रंग सोडणार. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून बाजारी कापडाचा रंग पक्का होतो हा समज आहे, त्यावर विसंबू नका. कापड नवं असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवायचं. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी रंगीत येत असेल तर ते कापड अस्तराला घ्यायचं नाही, पिशवीला घ्या. गोधडीवर डाग आधीच पडला असेल तर ती वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. लगेच भरपूर साध्या पाण्यात पुन्हा खंगाळायची आणि ढीग करून न ठेवता पसरून वाळत घालायची. ओली गोधडी घडी घालून रात्रभर बादलीत राहिली की रंग शेजारच्या ठिगळात उतरतोच.

मशीन की कापड?

जोडाची टीप मशीनवर मारली असेल तर उरलेल्या अस्तराच्या दोन पट्ट्या, हातभर लांब, त्याच मशीनवर तसाच टाका ठेवून जोडा. न धुताच चुणी पडली तर मशीनकडे बघा. वरच्या दोऱ्याचा ताण एक पाऊल कमी करा, सुई बदला. बोथट सुई कापडात शिरत नाही, ते खाली ढकलते. मांजरपाट, पॉपलीनला १४ नंबरची सुई पुरते, जाडसर कापडाला १६. टाका इंचाला दहा ते बारा. जुन्या लुगड्याला दहाच ठेवा. बारीक टाक्यानं जुनं कापड टपाल तिकिटाच्या भोकांसारखं टोचलं जातं आणि तिथूनच फाटतं. पट्टी जोडताना सपाट होती आणि धुतल्यावरच आखडली, तर मशीन निर्दोष आहे.

कापड नेमकं कसलं आहे

नावात कॉटन असलेल्या कित्येक स्वस्त चादरी पॉलिएस्टरच्या असतात. कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरून मोरीत जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच, राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतो, काळा धूर येतो आणि टोकाला कडक काळी गुठळी राहते. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. पॉलिएस्टर जवळपास आटत नाही, वरची सुती ठिगळं आटतात. मग अस्तराला झोळ येतो. शिवाय ते घसरतं, कापलेली कड सुटत जाते आणि पांघरल्यावर घाम येतो.

वीतभर उसवून बघा

इथवर कारण कळलं नाही तरच कात्री हातात घ्या. गोट, म्हणजे कडेला फिरवलेली पट्टी, एका बाजूला वीतभर उसवा आणि थर वेगळे करून बघा. मधला थर गोळा झालाय का? मध्ये जुनी सोलापुरी चादर किंवा अनेकदा धुतलेल्या साड्या असतील तर तो थर आटण्याचा प्रश्नच नाही, जेवढा आटायचा तेवढा केव्हाच आटलेला असतो. मध्ये कोरं कापड घातलं असेल तर चोर तोच. फायबरचा पत्रा, म्हणजे कृत्रिम तंतूंचा फुगीर थर, असेल आणि अस्तर विरळ मलमलचं, तर तंतू बाहेर येणं थांबणार नाही. त्यावर अस्तर बदलणं हाच इलाज.

अस्तर बदलायचं ठरलं, तर कापड कुठलं

पहिली पसंती वापरलेलं सुती लुगडं किंवा सुती साडी. फुकट असते, मऊ असते, आणि आटून झालेली असते. घेण्याआधी खिडकीपाशी उजेडात धरा. बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या घड्यांवर कापड विरलेलं असतं, तिथून उजेड जास्त येतो. अशा जागी दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड बाजूला ओढा. धागे सरकले किंवा चरचर आवाज आला तर तेवढा भाग वगळा. दोरा कितीही पक्का घेतला तरी विरलेलं कापड टिकत नाही. उलट दोरा कापडापेक्षा मजबूत असला की कापडच आधी फाटतं.

नवं घ्यायचं तर मांजरपाट किंवा साधं पॉपलीन. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर असं साधं कापड मोठ्या प्रमाणावर विणलं जातं, त्यामुळे ते बहुतेक गावांत कापडाच्या दुकानात मिळतं. कोऱ्या कापडात खळ असते. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटू नयेत म्हणून त्यांना ती लावलेली असते. हात लावला की कापड भरदार वाटतं, पण तो भार खळीचा. दुकानातच कापडाचं टोक दोन्ही हातांत धरून कपडे चोळल्यासारखं चोळा. पांढरी भुकटी पडली आणि चोळलेली जागा जाळीसारखी विरळ दिसली, तर धुतल्यावर अख्खं कापड तसं होणार. ते सोडा.

चादर घ्यायची तर मोठी, डबल बेडची घ्या, जोडच लागत नाही. पण हातानं धावदोरा घालणार असाल तर आधी सुई घालून बघा. फार दाट विणीच्या चादरीत सुई अडते, बोटं दुखतात, आणि टाके आपोआप लांब पडू लागतात. मशीनवर शिवणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

कुठलंही नवं कापड असो, आधी आटण्याची परीक्षा. १० इंच बाय १० इंचांचा चौकोन कापा, उभ्या धाग्याच्या दिशेनं पेनानं बाण काढा, कडकडीत पाण्यात अर्धा तास ठेवा, वाळवा, इस्त्री करा, मोजा. बाणाच्या दिशेनं साडेनऊ इंच भरलं तर ५ टक्के आटतं. ९८ इंचांच्या पट्ट्यात ते जवळजवळ पाच इंच झाले. बहुतेक वेळा उभ्या दिशेला जास्त आटतं, कारण मागावर ताण्याचे धागे ओढून धरलेले असतात आणि पाणी लागलं की ते सैल होऊन मूळ लांबीवर येतात. म्हणून तर सगळे पट्टे एकाच दिशेनं लावायचे. कापड पुरत नाही म्हणून एक तुकडा आडवा घातला की तो शेजाऱ्याशी कधीच जुळून राहत नाही.

किती घ्यायचं, आणि जोड उभा की आडवा

एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंच धरू. अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच मोठं हवं, म्हणजे ६८ बाय ९८. शिवताना वरचा थर सरकतो, अस्तर मापाला माप असलं की शेवटच्या कोपऱ्यात कमी पडतं.

४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर जोड उभा. ९८ इंचांचे दोन पट्टे, १९६ इंच. ५ टक्के आटणं धरून सव्वापाच मीटर घ्या; चौकोन ८ टक्के आटला असेल तर साडेपाच. आडवा जोड घेतला तर ६८ इंचांचे तीन पट्टे लागतात, कापडही जास्त आणि जोडही जास्त.

६३ इंच पन्हा मिळाला तर हिशेब उलटतो. उभ्या जोडाला तेच १९६ इंच, आडव्याला फक्त ६८ चे दोन पट्टे, १३६ इंच. आटणं धरून तीन मीटर सत्तर सेंटिमीटरात काम होतं. म्हणून मीटरचा भाव बघून स्वस्त-महाग ठरवू नका. समजा ४४ पन्ह्याचा भाव ८० रुपये आणि ६३ चा ११० आहे. पहिल्याचे ४२० रुपये होतात, दुसऱ्याचे ४०७. मीटरला तीस रुपये जास्त देऊनही मोठा पन्हा स्वस्त पडला, आणि जोडही एकच.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. त्यातून ९८ चे दोन पट्टे निघून वीस इंच उरतात. पन्हा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा एका साडीत एका गोधडीचं अस्तर होतं. नऊवारी लुगडं ३२४ इंच. त्यातून १०४ चे तीन पट्टे निघतात, दोघांच्या ९० बाय ९६ च्या गोधडीला पुरतात. मात्र पदर आणि विरलेला भाग आधी वगळून मगच मोजा.

जोडायचं कसं

सगळं कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. मग टोक सरळ करा. साधं सुती कापड कडेला एक छेद देऊन फाडलं की ते धाग्यात सरळ फाटतं, कात्रीपेक्षा हे खात्रीचं. दोन्ही कानी अर्धा-अर्धा इंच कापून टाका. साडीचे काठ कापून बाजूला ठेवा, गोटाला कामाला येतात.

जोड मधोमध घेऊ नका. गोधडीची पहिली घडी बरोबर मध्ये पडते आणि वर्षानुवर्षं तिथेच पडते. जोडही तिथेच असला की टीप त्या घडीवर घासून झिजते. अख्खा पट्टा मध्ये ठेवा, दुसरा उभा चिरून दोन्ही बाजूंना लावा. वरच्याच हिशेबात, ४४ पन्हा धुऊन आणि कानी कापून ४१ इंच उरतो. मध्ये ४१, दोन्ही बाजूंना १५-१५. प्रत्येक जोडात दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच माया (टीपेबाहेर सोडलेलं कापड) जाते, म्हणजे दोन जोडांत दोन इंच. उरलं ६९, हवं होतं ६८. चिरलेल्या पट्ट्यातून ११ इंच रुंद, ९८ इंच लांब तुकडा शिल्लक राहतो. त्यातून अडीच इंचांच्या चार पट्ट्या काढा, ३९२ इंच झाल्या. गोधडीचा घेर ३०० इंच. गोट त्यातच होतो, वेगळं कापड आणायला नको.

६३ पन्ह्यात जोड आडवा असला तरी नियम तोच, तो बरोबर मध्यावर येऊ देऊ नका. एक पट्टा अख्खा ठेवला की जोड आपोआप एका बाजूला सरकतो.

माया अर्धा इंच. पाव इंच वरच्या ठिगळांना चालते, अस्तराला नाही, कारण धुताना सगळा ओला भार अस्तरावर येतो. टीप सुरू करण्याआधी दोन्ही पट्ट्यांचा मध्य जुळवून टाचणी लावा, मग टोकं, मग मधल्या जागा. एका टोकापासून नुसतं शिवत गेलं की मशीनचे दात खालचा पट्टा पुढे ओढतात आणि शेवटी वरचा इंचभर उरतो. तो कापून टाकू नका, उसवून पुन्हा लावा. कापला तर चुणी जोडातच राहते.

माया दोन्हीकडे उघडायची की एका बाजूला वळवायची, यावर मतभेद आहेत. हातानं शिवणाऱ्यांना उघडी बरी, सुईला थर कमी लागतात. पण गोधडी धुणाच्या दगडावर आपटली जाणार असेल तर माया एका बाजूला वळवून वरून दुसरी टीप मारा. टिकाऊपणा जास्त महत्त्वाचा.

शेवटी अंथरणं. अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा, हातानं मध्यापासून कडेकडे सपाट करा आणि कडांना चिकटपट्ट्या लावा. सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलेलं अस्तर पट्ट्या काढताच मागे येतं आणि वरचे थर फुगतात. मग मधला थर, वरचा थर, आणि मध्यापासून बाहेर चार-चार इंचांवर कच्चे टाके. काठाकडून आत येत शिवायची पद्धत असेल तर कच्चे टाके वगळूच नका, कारण सरकत आलेलं सगळं सैल कापड शेवटी मध्यावर गोळा होतं. दर दोन-तीन ओळींनंतर गोधडी उचलून खाली तळहात फिरवा. घडी हाताला लागते, डोळ्यांना नंतर दिसते. तेव्हाच उसवली तर पाच मिनिटांचं काम आहे.

इथे थांबा

आजीच्या लुगड्याची, रेशमाची किंवा जरीची जुनी गोधडी असेल आणि हात लावताच धागे तुटत असतील तर उसवू नका, धुऊही नका. जुन्या वस्त्रांचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. तोवर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, शक्यतो घडी न घालता, सुरळी करून ठेवा.

सुई बदलून, दोऱ्याचा ताण कमीजास्त करूनही मशीन टाके सोडत असेल, दोरा खाली गुंतत असेल, तर ते मेकॅनिकचं काम. बॉबिनच्या डब्याखालचे स्क्रू घरी फिरवू नका, सुई आणि आकड्याचा (खालून दोरा पकडणाऱ्या भागाचा) मेळ गेला तर साधी जोडणीही होणार नाही.

दोघांची, जाड, पाच-सहा थरांची गोधडी घरच्या मशीनखाली कोंबून शिवायचा प्रयत्न करू नका. सुई तुटून डोळ्याकडे उडते. अस्तर तुम्ही जोडून, धुऊन, मापाचं करून ठेवा आणि वरची शिवण गोधड्या शिवणाऱ्या बाईंकडे द्या. देताना कापड एकदा धुतलंय आणि कानी काढलीय हे आवर्जून सांगा, आणि जोड कुठे येतो ते खडूनं दाखवा.